टिपणवही आणि आजीचा बटवा

प्रत्येकास कांहींना कांहीं छंद असतो. कोणी पोस्टाचीं तिकिटें जमवितो, कोणी बागेंत रोपें लावितो, कोणी पेटी शिकतो. माझा छंद जरा निराळा आहे. मला संगणकाचे प्रोग्राम लिहिण्याचा नाद आहे, आणि त्या नादापायीं गेल्या दोन वर्षांत मीं स्वतःपुरती एक टिपणवही तयार केली. ती कागदाची नाहीं. हल्लीं सर्व लोक जिला 'ॲप' म्हणतात, त्या जातीची आहे. ही गोष्ट ऐकून आमच्या शेजारचे काका म्हणाले, "अरे, वाण्याच्या दुकानांत वीस रुपयांस वही मिळते, तिच्यासाठीं दोन वर्षें कशाला?" त्या वेळीं मला त्यांचा राग आला. आज त्यांच्या बोलण्यांतील थोडें तथ्य मला पटतें. तें कसें पटलें, आणि माझ्या वहीविषयीं मला जो गर्व वाटत होता तो एका दुपारीं कसा उतरला, ही हकीकत सांगण्यासाठीं हा लेख लिहीत आहें.

विसरणें हा माझा जुना दोष. घरांत मला 'विसरभोळा गोकुळ' असेंच नांव पडलें होतें. आईनें दुकानांतून चार जिनसा आणावयास सांगितल्या, तर तीन घेऊन यावयाचें व चौथीसाठीं पुन्हां जिना उतरावयाचा, हा माझा नित्यक्रम. वर्गांत एखादा नवा शब्द ऐकला, एखादी शंका मनांत आली, कीं ती मी चिठ्ठीवर लिहून सदऱ्याच्या खिशांत ठेवीत असें. आणि धुण्याच्या दिवशीं त्या चिठ्ठीचा लगदा होऊन बाहेर येत असे. तयार ॲपें पुष्कळ आहेत, हें मला ठाऊक होतें, व त्यांतील दोन-तीन मीं वापरूनही पाहिलीं. परंतु त्यांत इतकीं बटणें होतीं कीं, लिहावयाचें काय तें बटण शोधतांनाच विसरून जावें. शिवाय माझीं टिपणें नेमकीं कोठें जाऊन राहतात, हें मला कळेना. अर्थात् हीं सारीं कारणें मागाहून सुचलेलीं आहेत. खरें कारण एवढेंच कीं, आपल्या हातानें कांहीं करून पाहावें, अशी मला अनावर इच्छा झाली. कुंभाराच्या मुलास विकतचें मडकें कसें आवडावें?

मनुष्याची ही हांव जुनीच आहे. व्हॅनेव्हार बुश ह्या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९४५ सालच्या जुलै महिन्यांत 'अटलांटिक मंथली' ह्या मासिकांत एक लेख लिहून एका अद्भुत मेजाची कल्पना मांडली. मनुष्याचीं पुस्तकें, पत्रें व टिपणें सूक्ष्म छायाचित्रांच्या रूपानें त्या मेजांत सांठविलेलीं असावीं, आणि एका कागदावरून त्याच्याशीं संबंध असलेल्या दुसऱ्या कागदाकडे क्षणांत जातां यावें, अशी ती कल्पना होती. त्या मेजास त्यांनीं 'मेमेक्स' असें नांव दिलें. प्रत्यक्षांत मात्र तें कधींच तयार झालें नाहीं. पुढें निकलास लूमान नांवाच्या जर्मन समाजशास्त्रज्ञांनीं यंत्रावांचून, केवळ चिठ्ठ्यांवर क्रमांक घालून तेंच काम साधलें. त्यांच्या लांकडी खणांत सुमारें ९०,००० चिठ्ठ्या जमल्या होत्या. आणि आपल्याकडे, पुण्याच्या पेशवे दफ्तरांत, मोडी लिपींतील जुने कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. मेज असो, खण असो कीं रुमाल असो, सर्वांपुढें प्रश्न एकच : ठेवलेली वस्तु वेळेवर सांपडेल काय? ह्या प्रश्नाचें महत्त्व मला फार उशिरां कळलें. मला वाटत होतें कीं, ठेवणें हेंच खरें काम. सांपडणें काय, तें आपोआप होतें.

बाबांचा एक जुना लॅपटॉप घरांत पडून होता. त्याच्या कळफलकावरील एक कळ निखळलेली होती, व तो अर्ध्या तासापेक्षां अधिक वेळ विजेवांचून चालत नसे. त्यावर मीं कामास आरंभ केला. ब्राउझरांत उघडणारें एक साधें पान तयार करावयाचें, आणि त्यास चालना देण्यासाठीं जावास्क्रिप्ट ह्या भाषेंत प्रोग्राम लिहावयाचा, असा बेत ठरला. ह्या भाषेचा पहिला आराखडा ब्रेंडन आइक ह्यांनीं १९९५ सालीं अवघ्या दहा दिवसांत केला, असें मीं वाचलें होतें. तेव्हां माझी वही एका दिवाळीच्या सुटींत होण्यास हरकत नाहीं, असा मीं हिशेब केला! पहिल्या दिवशीं पानावर एक चौकोन उमटला. चौकोनांत लिहावयाचें, खालीं 'जतन करा' असें बटण, आणि बटण दाबतांच लिहिलेली ओळ खालच्या यादींत जाऊन बसावयाची, एवढाच तिचा पराक्रम. पण ती पहिली ओळ जेव्हां यादींत दिसली, तेव्हां मला झालेला आनंद शब्दांत सांगतां येणार नाहीं. "आजीचा चष्मा दुरुस्तीस टाकला आहे, शनिवारीं आणणें," अशी ती ओळ होती. चष्मा शनिवारीं घरीं आला. आजीनें मला जवळ घेऊन म्हटलें, "आमच्या गोकुळाला आतां मथुरेचा रस्ता सांपडला!"

पुढें वही वाढत गेली. नोंदीस नांव द्यावयाचें, तारीख आपोआप पडावयाची, शब्द घालून शोध घ्यावयाचा, अशा एकेक सोयी मीं जोडल्या. तीच वही मोबाइलवरही उघडावी, आणि रोज रात्रीं एकीकडच्या नोंदी दुसरीकडे नेतां याव्या, अशी व्यवस्था केली. चुकाही पुष्कळ झाल्या. त्यांपैकीं दोन सांगण्यासारख्या आहेत.

पहिली चूक नोंदी ठेवण्याच्या जागेची. आरंभीं माझ्या सर्व नोंदी ब्राउझरच्या स्वतःच्या कोठारांतच राहत असत. एके दिवशीं लॅपटॉप फारच मंद चालूं लागला, म्हणून मीं ब्राउझरमधील सांठलेला केर काढून टाकला. केराबरोबर कोठारही रिकामें झालें! चाळीस-एक नोंदी एका क्षणांत नाहींशा झाल्या. त्या दिवसापासून दर रविवारीं सायंकाळीं सर्व नोंदींची एक साधी फाइल करून ती पेनड्राइव्हवर उतरून घेण्याचा नियम मीं केला, व तो आजवर पाळला आहे. जी वस्तु एकाच ठिकाणीं आहे, ती आपल्याजवळ आहे असें समजूं नये, हा पहिला धडा.

दुसरी चूक आपल्या लिपीविषयींची. यादींत प्रत्येक नोंदीच्या नांवाचीं पहिलीं कांहीं अक्षरें दिसावींत, म्हणून मीं नांव ठराविक जागीं तोडण्याची सूचना लिहिली होती. दुसऱ्याच दिवशीं 'वर्गाची हजेरी' ह्या नोंदीचें 'वर्गाची हजेर' होऊन बसलें! शोध करतां कळलें कीं, आपण ज्यास एक अक्षर म्हणतों, त्यास यंत्र एक अक्षर मानीत नाहीं. 'स्त्री' हें आपल्या डोळ्यांस एक अक्षर. यंत्राच्या दृष्टीनें तीं सहा चिन्हें आहेत : स, हलन्त, त, पुन्हां हलन्त, र, आणि दीर्घ वेलांटी. 'हजेरी'तील 'री' म्हणजे र आणि वेलांटी अशीं दोन चिन्हें. माझ्या कात्रीनें त्यांतील वेलांटी कापली होती. जगांतील बहुतेक लिप्यांच्या प्रत्येक चिन्हास एकेक क्रमांक देणारी 'युनिकोड' नांवाची पद्धति आहे. तिची पहिली आवृत्ति १९९१ सालीं निघाली. देवनागरीस तींत १२८ जागांचा एक वाडा मिळालेला आहे. संगणक अक्षरें ओळखीत नाहीं. तो हे क्रमांक ओळखतो. ही गोष्ट मीं त्या दिवशीं ऐकली, कात्री नीट केली, आणि पुढें विसरून गेलों. ती मीं विसरलों नसतों, तर पुढील प्रसंग घडला नसता.

आतां मुख्य हकीकत सांगतों.

माझ्या आजीस कांहीं वर्षांपूर्वीं एका दुखण्यांत सल्फा जातीच्या गोळ्या दिल्या होत्या. त्या तिला सोसल्या नाहींत. अंगावर पुरळ उठलें, चेहरा सुजला, आणि दोन रात्री इस्पितळांत काढाव्या लागल्या. तेव्हां तेथील डॉक्टरांनीं एका चिठ्ठीवर त्या औषधाचें नांव लिहून, 'हें पुन्हां देऊं नये' असा शेरा मारून ती चिठ्ठी आजीच्या हातीं दिली. आजीनें ती चौघडी करून आपल्या बटव्यांत ठेवली. सुपारी, लवंगा, देवळांतील अंगारा आणि ती चिठ्ठी, अशी त्या बटव्यांत एकत्र वस्ती होती. चिठ्ठीच्या घड्या झिजून तिचे तुकडे पडावयाच्या बेतांत आले होते. माझी वही तयार झाल्यावर मीं आईकडून सारी माहिती विचारून घेतली, 'आजी : ॲलर्जी : सल्फा' अशी नोंद लॅपटॉपवर टंकित केली, आणि मोठ्या ऐटींत आजीस म्हटलें, "आजी, आतां ही चिठ्ठी टाकून दे. सगळें माझ्या वहींत आहे." आजी नुसती हंसली.

गेल्या पावसाळ्यांत आजीस ताप भरला व लघवीस जळजळ होऊं लागली. बाबा परगांवीं गेले होते, आईस कचेरींतून निघतां येईना. म्हणून मीच आजीस रिक्षांत बसवून दवाखान्यांत नेलें. डॉक्टर नवीन होते. त्यांनीं आजीस तपासलें आणि विचारलें, "ह्यांना एखाद्या औषधाची ॲलर्जी वगैरे आहे का?" आजीस ऐकूं थोडें कमी येतें, त्यांत तापाची गुंगी, प्रश्न तिच्यापर्यंत पोंचलाच नाहीं. मला मात्र मनांतून आनंद झाला. ज्या क्षणासाठीं मीं वही केली, तो क्षण जणूं समोर उभा होता! मीं खिशांतून मोबाइल काढला, शोधाच्या चौकोनांत 'ॲलर्जी' हा शब्द घातला, आणि बटण दाबलें. पडद्यावर माझ्याच हातानें लिहिलेलें उत्तर उमटलें : "अशी नोंद नाहीं."

येथें मला एक कबुली दिली पाहिजे. त्या वेळीं माझ्या मनांत अंधुक शंका आली होती. कांहींतरी लिहिलें होतें, असें आंतून वाटत होतें. परंतु पडद्यावरील तें वाक्य इतकें स्वच्छ व ठाम होतें कीं, त्यापुढें मीं आपल्या शंकेस गप्प बसविलें. एकदां लिहून ठेवल्यावर लक्षांत ठेवण्याचें कारण काय, ह्या समजुतीनें मीं ती गोष्ट मनांतून केव्हांच उतरवून टाकली होती. मी डॉक्टरांस म्हणालों, "नाहीं. कोणत्याही औषधाची नाहीं." डॉक्टरांनीं औषध लिहून दिलें.

दवाखान्याच्या शेजारींच औषधांचें दुकान आहे. आजी तेथें स्टुलावर बसली. दुकानदारानें गोळ्यांची पट्टी पुढें ठेवली, मी पैसे मोजूं लागलों, इतक्यांत आजीनें हळूच कमरेचा बटवा काढला, त्यांतील चिठ्ठी उलगडली आणि दुकानदारापुढें धरली. ती म्हणाली, "बघा बरें, ह्याच्यावर लिहिलेलें आणि हें एक नव्हे ना? मला इंग्रजी वाचतां येत नाहीं. नवें औषध घेतलें कीं मी दाखवून घेतें." दुकानदारानें चिठ्ठी वाचली, पट्टी उलटून पाहिली, आणि पट्टी आपल्याकडे ओढून घेतली. "आजी, ह्या गोळ्या तुम्हांला चालणार नाहींत," तो म्हणाला.

माझ्या हातांतील पैसे हातांतच राहिले. पायांखालची जमीन सरकणें म्हणजे काय, हें मला त्या क्षणीं कळलें. आम्ही दोघें परत डॉक्टरांकडे गेलों. त्यांनीं चिठ्ठी पाहिली व दुसरें औषध लिहून दिलें. ते माझ्यावर रागावले नाहींत. मीं मोबाइल पुढें करून घडलेला प्रकार सांगितला, तेव्हां ते एवढेंच म्हणाले, "तूं 'माहीत नाहीं' म्हणाला असतास, तर मीं आजींना मोठ्यानें पुन्हां विचारलें असतें. तूं 'नाहीं' म्हणालास."

त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. आमच्या शाळेंत सकाळच्या प्रार्थनेच्या वेळीं कळत-नकळत घडलेल्या चुकांची क्षमा मागण्याचा परिपाठ आहे. 'कळत' ह्या शब्दाशीं मी रोज थोडा अडखळत असें, 'नकळत' हा शब्द मात्र सहज म्हणून जात असें. नकळत झालेली चूकही एखाद्याच्या जिवावर बेतूं शकते, हें मला त्या रात्रीं समजलें. मीं आईस सर्व सांगितलें. ती बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मग म्हणाली, "आधीं आजीला जाऊन सांग." मी आजीच्या खाटेपाशीं गेलों आणि म्हटलें, "आजी, मीं तुला ती चिठ्ठी टाकून द्यावयास सांगितली होती." आजी म्हणाली, "सांगितली होतीस खरी. पण कागद तो कितीसा जड, बाळ! राहिला बटव्यांत."

आजीचा ताप तिसऱ्या दिवशीं उतरला. मग मीं लॅपटॉप उघडून त्या नोंदीचा शोध आरंभिला. शब्द न घालतां सर्व यादी वरपासून खालपर्यंत वाचून काढली. नोंद जागच्या जागीं होती! 'आजी : ॲलर्जी : सल्फा' अशी ती माझ्याकडे पाहत होती. शब्दांत काना-मात्रेचीही चूक नव्हती. मीं मोबाइलवर पुन्हां तोच शब्द घातला, उत्तर तेंच : "अशी नोंद नाहीं." मग मीं नोंदींतील शब्द उचलून तसाच शोधाच्या चौकोनांत ठेवला, तत्काळ नोंद सांपडली. हातानें टंकित केला कीं सांपडेना, उचलून ठेवला कीं सांपडे! दोन्ही शब्द शेजारीं-शेजारीं ठेवून पाहिले, तर डोळ्यांस तिळमात्र फरक दिसेना.

तेव्हां मला 'हजेर'ची आठवण झाली. यंत्र अक्षरें ओळखीत नाहीं, क्रमांक ओळखतें. मीं पांच ओळींचा एक प्रोग्राम लिहिला व दोन्ही शब्दांतील चिन्हांचे क्रमांक छापून घेतले. सारें रहस्य उलगडलें. लॅपटॉपच्या कळफलकानें पहिलें अक्षर दोन चिन्हांनीं लिहिलें होतें : ०९०५ म्हणजे 'अ', आणि ०९४५ म्हणजे त्यावरील चंद्र. मोबाइलच्या कळफलकानें तेंच अक्षर एका चिन्हानें लिहिलें होतें : ०९७२ म्हणजे चंद्रासह 'ॲ'. हा तिसरा क्रमांक युनिकोडांत २००८ सालीं घातला गेला. त्यापूर्वीं तें अक्षर लोक अ वर चंद्र देऊन, किंवा ए वर चंद्र देऊन म्हणजे 'ऍ' असें लिहीत. आणि ह्या तिन्ही तऱ्हा आजही चालू आहेत. पहिल्या दोन लेखनांत डोळ्यांस भेद दिसत नाहीं. यंत्रास मात्र तीं 'क' आणि 'ख' ह्यांच्याइतकींच भिन्न वाटतात. निरनिराळ्या तऱ्हांनीं लिहिलेलें एकच अक्षर एका रूपांत आणण्याची एक ठरलेली रीत युनिकोडांत आहे. परंतु ह्या जोडीस ती लागू होत नाहीं, हेंही मीं करून पाहिलें. गंमत अशी कीं, ज्या 'ॲप' शब्दाचा मला एवढा अभिमान, त्या शब्दाच्या पहिल्याच अक्षरांत हा सापळा दडलेला होता!

एकदां डोळे उघडल्यावर असे आणखी सापळे दिसूं लागले. 'दुसऱ्या', 'वाऱ्या' ह्या शब्दांतील 'ऱ्य' हें जोडाक्षरही दोन तऱ्हांनीं लिहिलें जातें : एकदां नुक्त्याचा 'ऱ' घेऊन, एकदां साधा 'र' घेऊन व त्याच्यापुढें डोळ्यांस न दिसणारें एक जोडचिन्ह घालून. कागदावर दोहोंचें रूप एकच. माझ्या वहींत दोन्ही तऱ्हा सुखानें नांदत होत्या, आणि मीं शोध घेतला कीं त्यांपैकीं एकच उत्तर देत होती.

ह्यावर उपाय सुचला तो आमच्या शाळेच्या ग्रंथालयांत. तेथें एका जुन्या लांकडी कपाटांत ग्रंथसूचीचीं कार्डें अजून ठेवलेलीं आहेत. एका ग्रंथकाराचें नांव दोन तऱ्हांनीं लिहिलें जात असेल, तर एका नांवाच्या कार्डावर पुस्तकांची यादी असते, आणि दुसऱ्या नांवाच्या कार्डावर 'अमुक नांव पहा' एवढेंच लिहिलेलें असतें. वाचक कोणत्याही दारानें आला, तरी त्यास त्याच खोलींत नेऊन पोंचवावयाचें, ही त्या कार्डांची युक्ति. मीं तेंच केलें. शोध घेण्यापूर्वीं, शोधावयाचा शब्द आणि प्रत्येक नोंद ह्या दोहोंची एक तात्पुरती प्रत करावयाची. त्या प्रतींत 'ॲ'च्या तिन्ही तऱ्हांचें एकच रूप करावयाचें, 'ऱ्य'च्या दोन्ही तऱ्हांचें एकच रूप करावयाचें, न दिसणारीं चिन्हें काढून टाकावयाचीं, आणि मग दोन्ही प्रती ताडून पाहावयाच्या. मूळ नोंदीस हात लावावयाचा नाहीं. ती ज्यानें जशी लिहिली तशीच राहावी. ह्या सर्व कामास वीस-बावीस ओळी लागल्या. त्या लिहून झाल्यावर मीं मोबाइलवर 'ॲलर्जी' हा शब्द घातला. आजीची नोंद पहिल्या झटक्यास वर आली. ती पाहून मला पूर्वीसारखा आनंद झाला नाहीं. केवळ हायसें वाटलें.

परंतु एवढ्यानें काम संपलें, असें मला वाटेना. उद्यां मी 'अलर्जी' असें चंद्रावांचून लिहीन, एखाद्या ऱ्हस्व-दीर्घांत चुकेन, किंवा शब्दच निराळा योजून 'न सोसणारें औषध' असें लिहीन. प्रत्येक दारावर 'पहा' असें कार्ड लावणें मला कधींच साधणार नाहीं. मग डॉक्टरांचें वाक्य आठवलें, आणि खरी चूक कोठें होती तें कळलें. वहीस ती नोंद सांपडली नाहीं, हा तिचा कमीपणा होता. पण "अशी नोंद नाहीं" असें तिनें सांगितलें, हें असत्य होतें. आणि तें असत्य तिच्या तोंडीं मींच घातलें होतें. तें वाक्य लिहितांना मीं क्षणभरही विचार केला नव्हता. यंत्रास काय दिसलें नाहीं, आणि जगांत काय नाहीं, ह्या दोन गोष्टी मीं एक करून टाकल्या होत्या.

म्हणून मीं तें वाक्य बदललें. आतां माझी वही म्हणते : "मला सांपडली नाहीं. दुसरा शब्द घालून पहा, किंवा यादी वाचा." सबंध प्रोग्राममध्यें ही एकच ओळ अशी आहे कीं, जी लिहावयास कांहींच कौशल्य लागलें नाहीं, आणि हीच ओळ लिहितांना मीं सर्वांत अधिक वेळ विचार केला. वहीस ही भाषा शिकवितांना मलाही ती थोडी शिकावी लागली. वर्गांत गुरुजींनीं प्रश्न विचारला असतां पूर्वीं मी अंदाजानें ठोकून देत असें. आतां, "मला ठाऊक नाहीं, पाहून सांगतों," असें म्हणण्याचा प्रयत्न करितों. सुरुवातीस जीभ अडखळते; मग संवय होते.

माझ्या बालमित्रांस ह्यावरून असें वाटूं नये कीं, अशा उद्योगांत पडूंच नये. अवश्य पडावें. टिपणवही हा नवशिक्यास फार चांगला धडा आहे : तिला मोठें यंत्र लागत नाहीं, पैसा लागत नाहीं, आणि तिची परीक्षा रोजच्या रोज आपल्याच घरांत होते. विकतच्या ॲपांतही असे दोष असूं शकतात. परंतु तेथें दोष दिसला तर आपण चडफडून गप्प बसतों. स्वतः केलेल्या वस्तूंत दोष निघाला, तर तो कोणाच्या माथीं मारतां येत नाहीं. तो शोधावा लागतो, आणि शोधतां शोधतां आपल्या लिपीविषयीं, आपल्या स्वभावाविषयीं चार गोष्टी कळतात. फक्त एवढेंच सांगणें आहे कीं, आपल्या वस्तूच्या भरंवशावर दुसऱ्याची जुनी वस्तु टाकून द्यावयास सांगूं नये. शेजारच्या काकांची वीस रुपयांची वहीही मीं आतां विकत आणली आहे. फार महत्त्वाच्या नोंदी मी तींतही हातानें लिहितों. आणि लिहितांना त्या लक्षांतही राहतात, हा वरचा नफा.

गेल्या महिन्यांत मीं आजीच्या औषधाची माहिती मोठ्या ठळक अक्षरांत, मराठींत व इंग्रजींत, एका जाड कागदावर छापून घेतली. एक प्रत स्वयंपाकघरांतील कपाटाच्या दारास आंतून चिकटविली व दुसरी आजीस दिली. तिनें चष्मा लावून मराठी ओळी सावकाश वाचल्या, "छान आहे हो," म्हणाली, आणि कागदाची घडी करून बटव्यांत ठेवली. बटवा मिटतांना मला त्यांत ती जुनी, घड्यांवर फाटलेली चिठ्ठीही दिसली. ह्या खेपेस मी कांहीं बोललों नाहीं.

— एक विद्यार्थी, इयत्ता दहावी